आईसाहेबांशेजारचा जनरेटर

"अजून थोडा पलीकडं, मामा. मागचं चाक अजून आपल्या हद्दीतच आहे."

दस्तगीरमामांनी डोक्याचा रुमाल सोडला, तोंड पुसलं आणि माझ्याकडे बघितलं. ते आमच्या बिझनेस स्कूलचा जनरेटर चालवायचे. तो इतकी वर्षं एकाच जागी उभा होता, की त्याला चाकं आहेत हे बहुतेकांना त्या सकाळीच कळलं. शिपाई, माळी आणि एमबीएची ब्लेझरवाली मुलं मिळून तो ढकलत होती. मी चुना मारलेल्या दगडांच्या रांगेपाशी उभी राहून, ट्रक मागे घेणाऱ्या क्लीनरसारखे हात करत होते. माझं पद होतं हरित समन्वयक.

"मॅडम, लाईट आपल्याकडंच लागणार न्हवं?" मामांनी विचारलं.

"हो. केबल तशीच राहणार."

"आन् डिझेल?"

"आपणच भरायचं."

"मग ह्याला तिकडं कशाला न्यायचा?"

"धूर तिकडं निघावा म्हणून."

मामांनी रुमाल पुन्हा डोक्याला गुंडाळला. मग "बरं" म्हणाले आणि त्यांनी पुन्हा खांदा लावला. संस्थेत टिकलेल्या प्रत्येक माणसाला हे 'बरं' म्हणता यायचं.

सगळ्यात जोरात ढकलत होती ती सुवर्णा कोकरे. दुसऱ्या वर्षाची, जवळच्याच वस्तीवरून यायची. ब्लेझर कुणाचा तरी मागून आणलेला, त्यामुळे बाह्या दुमडलेल्या. धापा टाकत तिने विचारलं, "मॅडम, हे आम्ही प्रोजेक्टमध्ये लिहू का?"

"नको," मी म्हणाले.

व्हरांड्यात आमचे डायरेक्टर डॉ. नेर्लेकर टाय सारखा करत उभे होते. मागचं चाक दगडांपलीकडे गेलं तशी त्यांनी टाळी वाजवली. "गिरिजा मॅडम, याला म्हणतात स्ट्रॅटेजी."

मला खरंच अभिमान वाटला. सहा वर्षं मी मुलांना स्ट्रॅटेजी शिकवत होते, पण ती चाकांवर चालताना पहिल्यांदाच बघत होते.

दगडांच्या रांगेपलीकडे इंजिनिअरिंग कॉलेज होतं. तिथेही एक हरित समन्वयक होता. त्याचं नाव शिवानंद म्हमाणे, आणि तो माझा नवरा होता.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. सोलापूर जिल्ह्यात, एका तालुक्याच्या गावाबाहेर माळावर आमची संस्था होती. तिचं नाव सांगत नाही, कारण त्यात संस्थापकांची आई, वडील आणि आजोबा असे तिघंही आहेत आणि पूर्ण नाव घेईपर्यंत गोष्ट राहून जाते. एकाच कुंपणात बिझनेस स्कूल, इंजिनिअरिंग, फार्मसी, बी.एड. अशी कॉलेजं होती, आणि सगळ्यांच्या मधे बाग करून बसवलेला आईसाहेबांचा संगमरवरी पुतळा. आईसाहेब म्हणजे संस्थापक तात्यासाहेबांच्या मातोश्री.

त्या जानेवारीत तात्यासाहेब कुठल्याशा अभ्यासदौऱ्यावर परदेशी जाऊन आले आणि त्यांनी सगळ्यांची मीटिंग घेतली.

"तिकडं मंत्री सायकलवर कामाला येतोय ओ," ते म्हणाले. "आन् आपल्याकडं बघा, सगळा धूर."

बाहेर त्यांची गाडी एसी सुरू ठेवून उभी होती. मीटिंग संपल्यावर त्यांना गार गाडीत बसायची सवय होती.

प्रत्येक कॉलेजने आपला कार्बन कमी करायचा, पुण्याहून वैद्य नावाचे तज्ज्ञ येऊन तो मोजणार, आणि एप्रिलात आईसाहेबांच्या पुण्यतिथीला निकाल लागणार, असं ठरलं. तात्यासाहेब शेवटी म्हणाले, "ज्या कॉलेजाचा कार्बन सगळ्यात कमी, तिथल्या समन्वयकाला मी कायम करतो. शब्द हाय माझा."

कायम. त्या शब्दासाठी आम्ही जनरेटर काय, अख्खी इमारत ढकलली असती. मी आणि शिवानंद दोघंही हंगामी. दरवर्षी एप्रिलअखेर आम्हाला घरी पाठवायचे आणि जुलैत परत बोलवायचे. बाईला दिवस गेले असतील तर जुलैत बोलावणंच यायचं नाही. कुणी काढून टाकलं असं म्हणायचं नाही, बोलावणं आलं नाही म्हणायचं. लायब्ररीतल्या एक मॅडम बाळंतपणाला गेल्या त्या गेल्याच. कायम असलेल्या बायकांना मात्र रीतसर रजा.

आणि मीटिंग झाली त्याच आठवड्यात मला कळलं की मला दिवस गेलेत.

रात्रीच्या जेवणाला मी हे सांगितलं. अव्वा, म्हणजे माझ्या सासूबाई, उठून देवापुढे साखर ठेवून आल्या. शिवानंदने माझ्या पानात शेंगाची चटणी वाढली, वर दही घातलं आणि म्हणाला, "म्हणजे आता जोर लावला पाहिजे. मी कायम झालो ना, की तू घरी बस निवांत."

तो हे प्रेमाने म्हणाला, आणि तीच अडचण होती. रागाने म्हणाला असता तर मला भांडता आलं असतं. प्रेमाने म्हटलेल्या वाक्याशी भांडायचं कसं हे मला कुणी शिकवलं नव्हतं. मला घरी बसायचं नव्हतं. मला वर्गात उभं राहायला आवडायचं, खडूने हात पांढरे झालेले आवडायचे, पगाराच्या दिवशी स्टँडवर एकटीने उसाचा रस प्यायला आवडायचा. हे सगळं निवांत या एका शब्दात संपणार होतं.

"बघू कोण कायम होतंय ते," मी म्हणाले.

तो हसला. त्याला ती थट्टा वाटली.

सुरुवात मी प्रामाणिकपणे केली होती, हे सांगितलं पाहिजे. आमच्या बिझनेस स्कूलचा सगळ्यात मोठा खर्च विजेचा, आणि विजेचा सगळ्यात मोठा खर्च एसीचा. एसी कशासाठी, तर ब्लेझरसाठी. सोलापूरच्या उन्हाळ्यात आमची मुलं लोकरी ब्लेझर आणि टाय घालून बसायची, आणि त्यांना ते सोसावं म्हणून वर्गात स्वेटरची थंडी करावी लागायची. मी नेर्लेकर सरांकडे गेले.

"सर, ब्लेझर काढले तर निम्मे एसी बंद करता येतील."

सरांनी बराच विचार केला. मग अगदी मनापासून म्हणाले, "मॅडम, ब्लेझर काढला तर आपल्याकडे राहिलं काय?"

त्यांचं बरोबरच होतं.

मग मी वैद्यांची नियमावली वाचली. त्यात एक सोपा नियम होता. धूर ज्याच्या हद्दीत, कार्बन त्याच्या नावावर. हे वाचलं आणि माझ्यातली एमबीए जागी झाली.

जनरेटर पलीकडे गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आमच्या दारात होता. मेकॅनिकलच्या पोरांनी पहारी लावून तो आणून सोडला होता, आणि वर चाकांना ग्रीस लावून दिलं होतं. मी तो पुन्हा पाठवला. ग्रीसमुळे या वेळी कमी माणसं लागली. तिसऱ्या दिवशी तो परत आला तेव्हा दस्तगीरमामा म्हणाले, "मॅडम, मला आता कळंना झालंय. मी सकाळी हितं हजेरी लावायची का तिकडं?"

मग मी आमच्या कॅन्टीनच्या शेगड्या फार्मसीच्या शेडमध्ये हलवल्या. शिवानंदने त्यांच्या मुलांच्या बस आमच्या इमारतीमागे उभ्या करायला सांगितल्या. घरात आम्ही अव्वांसमोर अहो-जाहो, खोलीत अरे-तुरे आणि कॉलेजात 'म्हमाणे सर', 'म्हमाणे मॅडम' असे तीन प्रकारे बोलायचो. त्या दिवसांत तिन्ही प्रकारांनी एकाच विषयावर बोलत होतो.

"आज तुमचे वडे फार्मसीत का तळत होते?" त्याने एकदा विचारलं.

"मला काय माहीत?"

"तेल तुमचं, पीठ तुमचं, आणि गॅस त्यांचा?"

"गॅस पण आमचाच. आग फक्त त्यांची."

तो खो-खो हसला. मलाही हसू आलं होतं, पण मी ते दाबून धरलं. अव्वा भाकरी थापत ऐकत होत्या. म्हणाल्या, "दोघंबी शिकलेली. आन् रोज एक जनरेटर हिकडून तिकडं ढकलताय व्हय?"

"अहो अव्वा, ही पर्यावरणाची गोष्ट आहे," मी म्हणाले.

"आसंल बाई," अव्वा म्हणाल्या. त्यांचं 'आसंल' हे मामांच्या 'बरं'चं सख्खं भावंड होतं.

शेवटी तह झाला. नेर्लेकर सर आणि इंजिनिअरिंगचे प्राचार्य कोरे एकत्र बसले, आम्हा दोघा समन्वयकांना बोलावलं. रोज जनरेटर ढकलण्यात मुलांचे तास बुडत होते, म्हणून नाही. वैद्य अचानक पाहणीला आले, तर त्या क्षणी तो कुणाच्या हद्दीत असेल याची दोघांनाही खात्री नव्हती म्हणून.

"कुणाच्याच हद्दीत नसेल अशी जागा नाही का?" कोरे सरांनी विचारलं.

"आहे," मी म्हणाले. "आईसाहेबांची बाग."

बाग संस्थेची. कुठल्याच कॉलेजची नाही. तिथे जनरेटर ठेवायचा, दोन्हीकडे केबल टाकायच्या, धूर हवेचा. सगळ्यांनी माझ्याकडे कौतुकाने बघितलं. शिवानंदनेसुद्धा. ही कल्पना माझी होती, आणि आजही तिचं श्रेय मला दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

जनरेटर बागेत गेला आणि पुतळ्याच्या शेजारी उभा राहिला. आईसाहेबांचं तोंड रस्त्याकडे होतं आणि जनरेटरचं नळकांडं आईसाहेबांच्या तोंडाकडे. हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, कारण पुण्यतिथी सोडून आईसाहेबांकडे बघायची कुणाला सवय नव्हती.

मार्चपासून लोडशेडिंग वाढलं आणि जनरेटर रोज धडधडू लागला. दोन्ही कॉलेजं त्याच्यावर चालायची आणि दोन्हींच्या नावावर त्याचा कार्बन शून्य. वैद्य येऊन बघून गेले. चहा पिताना मला हळूच म्हणाले, "मॅडम, तुमचं कॉलेज पुढे दिसतंय." त्या दिवशी मी स्टँडवर रसाचे दोन ग्लास प्यायले. एक पोटातल्यासाठी.

त्याच सुमाराला सुवर्णा कोकरेचं नाव एका मोठ्या कंपनीच्या शेवटच्या फेरीत लागलं. आमच्याकडून आजवर कुणी तिथवर गेलं नव्हतं. मुलाखत कॉम्प्युटरवर होणार होती, समोर बंगळुरूची माणसं. त्यांनी दिलेली वेळ नेमकी पुण्यतिथीच्या सकाळची निघाली.

"वेळ बदलून मागू का, मॅडम?" तिने विचारलं.

"मागितली तर देतील?"

"विचारलं एकदा. ते म्हणाले, मग राहू द्या."

"मग नको. तू लॅबमध्ये बस. लाईट जाणार नाही त्या दिवशी. तात्यासाहेबांनी सबस्टेशनला सांगून ठेवलंय."

पुण्यतिथीच्या सकाळी बागेत मंडप पडला. माळी पहाटेपासून पुतळा धूत होता. त्याला साबण पुरेना, बादल्या पुरेनात, आणि तो कपाळावर हात मारून घेत होता. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मी जनरेटरवर फुलांच्या माळा सोडून तो झाकण्यात गुंतले होते. नेर्लेकर सरांनी दस्तगीरमामांना बजावलं होतं, "आज वैद्य समोर आहेत. काही झालं तरी चालू करायचा नाही. आणि कुणी सांगितलंच, तर कुठल्या कॉलेजच्या नावावर ते आधी विचारायचं. मगच हात लावायचा."

कार्यक्रम सुरू झाला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांत तात्यासाहेब, शेजारी वैद्य, मग प्राचार्य मंडळी. मी नेर्लेकर सरांच्या मागे. शिवानंद पलीकडच्या रांगेत. कुणीतरी प्रास्ताविक करत होतं, आणि ध्वनिक्षेपक मधेच बंद पडला. मंडपातले पंखे हळूहळू थांबले. सगळ्यांनी कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन वारा घालायला सुरुवात केली.

पर्समध्ये माझा फोन थरथरला. सुवर्णाचा निरोप होता. "मॅडम लाईट गेली. बॅटरी संपत आलीय. ते प्रश्न विचारताहेत."

मी पुढे वाकले. "सर, सुवर्णाची मुलाखत चालू आहे. जनरेटर लावायला हवा."

"वैद्य बसलेत, मॅडम," सर मान न वळवता म्हणाले. "निकाल तोंडावर आलाय. थोडी कळ काढा."

"मी काढीन. ती कशी काढणार?"

सरांनी मान वळवली. चेहऱ्यावर खरंखुरं वात्सल्य होतं. "अहो, हुशार मुलगी आहे ती. दुसरी कंपनी येईल."

मी मागे टेकले. बसून राहिले. समोर वैद्यांचं डोकं दिसत होतं, आणि त्या डोक्यात माझं कायम होणं होतं. थोडी कळ काढायची, बस. पण ते वाक्य माझ्या कानातून जाईना. दुसरी कंपनी येईल. तू घरी बस निवांत. दोन्ही वाक्यं अगदी त्याच मायेने म्हटलेली होती. मला एकदम इतका राग आला की माझ्या हातातली कार्यक्रमपत्रिका चुरगळली. मग मी उठले.

जनरेटरपाशी दस्तगीरमामा माळांच्या सावलीत बसले होते.

"मामा, चालू करा."

"कुणाच्या नावावर?"

"मामा, पोरीचा इंटरव्ह्यू आहे."

"ते खरं हो. पर सायेबांनी सांगितलंय, नाव इचारल्याबिगर हात लावायचा न्हाई."

"एमबीएच्या नावावर. माझ्या नावावर करा."

"इंजिनिअरिंगच्या नावावर करा, मामा," मागून आवाज आला.

शिवानंद धावत आला होता. त्याला दम लागला होता.

"तू कशाला आलास?" मी म्हणाले.

"मामा, इंजिनिअरिंग."

"मुलगी आमची आहे, शिवा. तू मधे पडू नको."

"जनरेटरला केबल आमचीपण आहे."

"एमबीए, मामा."

"इंजिनिअरिंग."

ज्याला आधी रोज आम्ही एकमेकांच्या गळ्यात मारत होतो, त्याच्यासाठी आता तिथे ओढाताण लागली. मामांनी दोघांकडे आलटून पालटून बघितलं आणि उठले. "म्हमाणे म्हणून लावतो," ते म्हणाले. "कुठलं म्हमाणे ते तुम्ही घरी जाऊन ठरवा."

मंडपात काय चाललंय याकडे आमचं लक्षच नव्हतं. प्रास्ताविक आटोपतं घेऊन तात्यासाहेब हार घालायला पुतळ्यासमोर उभे राहिले होते. मामांनी बटण दाबलं. जनरेटर खोकला, थरथरला, आणि रात्रभर पोटात साठलेलं सगळं त्याने एका दमात बाहेर टाकलं.

धूर विरला तेव्हा आईसाहेब काळ्या झाल्या होत्या. हार काळा, आणि हार धरलेले तात्यासाहेब कमरेपर्यंत काळे. मंडपातले पंखे मात्र झकास फिरू लागले होते.

तात्यासाहेबांनी डोळे पुसले. जनरेटरच्या आवाजावर आवाज चढवून त्यांनी विचारलं, "कुणाचा हाय ह्यो?"

"इंजिनिअरिंगचा असावा, तात्यासाहेब," नेर्लेकर सर म्हणाले.

"एमबीएचा आहे," कोरे सर म्हणाले.

"नोंदीप्रमाणे इथे जनरेटरच नाही," वैद्य म्हणाले.

"माझा आहे," मी म्हणाले. त्याच दमात माझ्या मागून शिवानंद म्हणाला, "माझा आहे."

"नवरा-बायकोनं मिळून जनरेटर घेतलाय व्हय?" तात्यासाहेब म्हणाले. कुणी हसलं नाही. हसावं की नाही हे त्यांच्या काळ्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. "आन् आत्ताच का लावला?"

मी सुवर्णाचं सांगितलं. कंपनीचं, बंगळुरूचं, बॅटरीचं सांगितलं.

"म्हंजे आत्ता बोलाय लागलीय ती पोरगी? आत्ता?"

"हो."

तात्यासाहेबांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि आईच्या तोंडावरून फिरवलं. काजळी निघायच्या ऐवजी आणखी पसरली. ते बराच वेळ पुसत राहिले. मग म्हणाले, "हिला धूर नवा न्हाई. सगळी हयात चुलीफुडं गेली हिची. डोळं गेलं शेवटी." उपरणं त्यांनी पुतळ्याच्याच खांद्यावर टाकलं. "पोरीचं बोलणं होऊस्तोवर ह्याला कुणी हात लावायचा न्हाई."

त्यानंतरचा सगळा कार्यक्रम जनरेटरच्या आवाजात झाला. तात्यासाहेबांचं भाषण कुणालाही ऐकू आलं नाही, आणि सगळ्यांनी योग्य जागी टाळ्या वाजवल्या.

पहिला क्रमांक बी.एड. कॉलेजचा आला. त्यांचा ट्रान्सफॉर्मर दिवाळीत जळाला होता आणि तेव्हापासून तिथे वीजच नव्हती. हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, त्यांच्यासुद्धा. तिथले समन्वयक चव्हाण गुरुजी पुढच्या महिन्यात निवृत्त होणार होते. ते कायम झाले.

नेर्लेकर सरांनी त्याच संध्याकाळी वैद्यांना गाठलं आणि इंजिनिअरिंगच्या म्हमाणे सरांनी जनरेटर आपला असल्याचं सर्वांसमोर मान्य केलंय, हे दाखवून दिलं. मी काय मान्य केलं ते त्यांना ऐकू आलं नव्हतं. इंजिनिअरिंग शेवटचं गेलं. कोरे सर शिवानंदशी त्या दिवसापासून बोलले नाहीत.

सुवर्णाला नोकरी लागली. मेमध्ये संस्थेच्या फाटकावर तिचा मोठा फ्लेक्स लागला, दुमडलेल्या बाह्यांच्या ब्लेझरमधला. त्या फ्लेक्सचा कार्बन कुणी मोजला नाही. तात्यासाहेब जाता येता तो बघायचे आणि नेर्लेकर सरांना फोन करून विचारायचे, "आता फुडची पोरगी कवा?"

म्हणून सरांनी मला सुट्टीत बोलावून घेतलं. मुलांच्या नोकऱ्यांचं सगळं काम मी बघावं अशी त्यांची इच्छा होती.

"घेते," मी म्हणाले. "सप्टेंबरपासून मला बाळंतपणाची रजा लागेल. पगारी. आणि परत आले की हीच खुर्ची."

"मॅडम, हंगामी लोकांना तशी पद्धत नाही आपल्याकडे."

"हरकत नाही, सर," मी पर्स उचलली. "दुसरी मॅडम येईल."

सरांनी खिडकीतून फाटकाकडे बघितलं. फ्लेक्स तिथून स्वच्छ दिसत होता. त्यांनी टाय सैल केला. इतक्या वर्षांत त्यांना मी तसं कधी बघितलं नव्हतं.

जुलैत मला बोलावणं आलं. शिवानंदला आलं नाही.

त्या संध्याकाळी तो अंगणात सायकलची चेन साफ करत बसला होता. मी शेजारी जाऊन बसले. माझं पोट बरंच पुढे आलं होतं, बसायलाच वेळ लागला.

"त्या दिवशी तू का धावत आलास?" मी विचारलं. इतके दिवस विचारायचं धाडस झालं नव्हतं.

"तुला उठताना बघितलं," तो चेन पुसत म्हणाला. "तू अशी उठलीस, की मला कळलं, ही आता सगळं घालवणार. म्हटलं, घालवायचंच आहे तर माझं घालवू."

मला रडू आलं. ग्रीसचे हात माझ्या साडीला लागू नयेत म्हणून तो कोपरानेच माझी पाठ थोपटत राहिला. डोळे पुसून झाल्यावर मी म्हणाले, "मग आता काय. तू घरी बस निवांत."

त्याने माझ्याकडे बघितलं. ते वाक्य कुणाचं, कधीचं, हे त्याला आठवलं असावं. कारण तो मान खाली घालून पुन्हा चेन पुसू लागला.

पुढे त्याने घरीच शिकवण्या सुरू केल्या, आणि त्या चांगल्या चालल्या. तो जनरेटर अजून बागेतच आहे असं ऐकते. पुतळा हलवला.

माझी रजा संपून मी पुन्हा कामावर निघाले ती सकाळ मात्र जशीच्या तशी आठवते. लाईट गेली होती. अव्वा भाकरीला बसल्या होत्या, शिकवणीची पोरं ओसरीवर गोंगाट करत होती, दूध उतू गेलं होतं. शिवानंद लेकीला खांद्यावर घेऊन दारात उभा होता. एका हाताने तिला थोपटत होता, दुसऱ्या हाताने पुठ्ठ्याने वारा घालत होता, आणि लेक टाहो फोडत होती. मी चपला घातल्या.

"गिरिजा," तो म्हणाला. "एक विचारायचं होतं."

"विचार ना."

"ते निवांत नेमकं कधी सुरू होतं?"